झोळीतलं लेकरू उठेपर्यंत

“मावशी, झोळी हालवतानी इकडे पाहा जराशा. हां, अन् थोडंसं हासा.”

हसायला सांगणारा इंद्रजीत, राळेगावच्या श्रीकमल टॉकीजचा आताचा मालक. त्याच्या मागे, फाटक काढून टाकलेल्या जागेत जेसीबी घरघरत उभा होता. टॉकीज आज पडायची होती आणि त्याआधी गावाच्या आठवणींचा एक व्हिडिओ व्हावा, अशी इंद्रजीतची फार इच्छा. टॉकीजच्या मागची, जिन्याखालची खोली सुखीबाईची. तीही पडायची होती, पण व्हिडिओत तो विषय नव्हता.

सुखीबाई हसली. सांगितल्यावर हसायला काय लागतं?

बायकांच्या बाजूची गेटकीपर म्हणून ती इथे लागली, तेव्हा तिचा नवरा रिक्षावर भोंगा लावून गावोगाव पिक्चर पुकारत फिरायचा. तिला मूलबाळ झालं नाही, आणि म्हणूनच ही या कामाला बरी, असं मोठे शेठ, म्हणजे इंद्रजीतचे वडील, तिच्या तोंडावर म्हणाले होते. सगळ्या बायका नीट बसल्या की सुखीबाई दारातून हात वर करायची, मगच वरचा ऑपरेटर मशीन चालू करायचा. अंधार झाला की एखादं पोर हमखास भोकाड पसरायचं आणि पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या सुरू व्हायच्या. सुखीबाई अंधारातच ते पोर उचलून व्हरांड्यात आणायची. तिथे तुळईला दोन लोखंडी कड्या, आणि कड्यांना जुन्या लुगड्याची झोळी. पोराला झोका मिळायचा आणि आईला तिचा पिक्चर. घरात नि वावरात राबून पिट्टा पडलेल्या त्या बाईला तेवढा वेळ कोणी हाक मारायचं नाही.

सुखीबाईचा कायदा एकच. झोळीत लेकरू झोपलं की उठवायचं नाही. पिक्चर सुटो, बैलगाडी जुंपलेली असो, नवरा फाटकाशी बोंबलत असो, लेकरू आपसूक डोळे उघडेपर्यंत आईनं पायरीवर बसायचं. मोठे शेठसुद्धा तोवर कुलूप लावत नसत. लेकरू पिक्चर चालू असतानाच उठलं, तर सुखीबाई पडदा सारून त्या बाईच्या गावाच्या नावानं पुकारायची, “कळंबवाल्या बाई, उठलं लेकरू!” अख्खी टॉकीज खदखदून हसायची.

आज झोळीत होतं ते विमलताईंच्या नातीचं बाळ. विमलताईंची सगळी मुलं याच झोळीत झोपलेली. नात वैष्णवी पुण्याहून आली होती आणि आपली आई जिथे झोपली तिथे आपल्या बाळाचा फोटो हवा, म्हणून तिनं हट्ट धरला होता. लुगडं सुखीबाईच्या ट्रंकेत निघालं. ट्रंक बाहेर कडुनिंबाखाली होती. जेसीबीवाल्या देवसिंगनं सकाळीच ती खोलीतून काढून जपून तिथे ठेवली होती.

दोनचार झोक्यांत बाळाचा डोळा लागला. व्हिडिओ झाला, भोवती जमलेल्या गावकऱ्यांचे मोबाइलही खाली गेले. इंद्रजीतनं देवसिंगला खूण केली.

“लेकरू झोपलं हाय,” सुखीबाई म्हणाली.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग विमलताईच हसल्या. “अवं हो! सुखीचा कायदा हाय न! उठवायचं नाही!”

लोकांना भारीच मजा वाटली. खाली गेलेले मोबाइल पुन्हा वर आले. देवसिंगनं किल्ली फिरवून मशीन बंद केली आणि एकदम शांत झालं. “झोपू दे, याडी,” तो म्हणाला. त्यांच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. “मशीन सांजेलोक वापस द्या लागते. तोवर मी थांबतो.”

खरं सांगायचं तर सुखीबाईच्या डोक्यात कायदा नव्हता, निवारा होता. नवरा कधीच वारला होता, आणि खोली सोडायची नोटीस लागल्यापासून ती दारोदार एक कोपरा मागत हिंडली होती. प्रत्येक घरात चहा मिळाला, आठवणी निघाल्या, डोळे पुसले गेले. ‘पाहू’ यापलीकडे मात्र कोणी गेलं नाही. आता ते सगळे इथे एकत्र उभे होते. बाळ झोपलंय तोवर यातलं एखादं तरी म्हणेल, चाल माझ्या घरी. एवढ्या एका आशेवर ती झोका देत होती.

“म्या बी याच झोळीत झोपलो असन, मावशी!” कोणीतरी ओरडलं. “काय दिवस होते राजेहो!”

“विमलताई,” सुखीबाई हळूच म्हणाली, “तुमच्या मांगची खोली...”

“अवं, तिच्यात सोयाबीनचे पोते हायेत. अन् सुनेचं तुले मालूम हाय न.” विमलताईंनी पदर सारखा केला.

“इंद्रजीतबाबू, मी सांजेले कुठी जाऊ?”

“जमवू न मावशी. एवढं गाव तुमचं हाय.”

सुखीबाईचा झोका थांबला नाही, पण आवाज फुटला. आजवर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. “मले कोणी कोपरा द्या रे! गोठ्यात द्या. मी झाडझूड करीन, तुमचे लेकरं पाहीन. रस्त्यावर नका टाकू मले. पाया पडतो तुमच्या!”

मोबाइल एकेक करून खाली गेले. कोणाला बस आठवली, कोणाला वावरात कापूस वेचायला लावलेल्या बाया. माणसं पांगू लागली. इंद्रजीत फोन कानाला लावून फाटकाकडे गेला. त्या फोनची रिंग काही कोणी ऐकली नव्हती.

तेवढ्यात बाळानं डोळे उघडले.

रडलं नाही. मूठ तोंडात घालून सुखीबाईकडे टकामका बघत राहिलं. झोळी खोल होती, बाहेरून कोणाला दिसत नव्हतं. सुखीबाईनं लुगड्याची कड आणखी वर ओढली आणि झोका चालू ठेवला. उभ्या जन्मात तिनं जागं लेकरू असं लपवलं नव्हतं. झोप रे माझ्या राजा, थोडासा झोप, ती मनात विनवत होती. बाळ हसलं.

“झोपलंय का अजून?” पायरीवरून वैष्णवीनं विचारलं. तिनं ओढणीची घडी छातीशी दाबून धरली होती. पान्हा फुटून कुर्ता भिजला होता आणि ती अवघडून बसली होती. तरी उठून झोळीत डोकावली नाही. आजीनं सांगितलेला कायदा ती बिचारी पाळत होती.

सुखीबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं. तिथे आता देवसिंगशिवाय तिच्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

तिनं झोळी थांबवली, हॉलच्या दाराकडे तोंड केलं आणि पूर्वीसारखी खणखणीत हाक दिली, “पुणेवाल्या बाई, उठलं लेकरू!”

रिकाम्या टॉकीजमध्ये हाक घुमली. कोणी हसलं नाही.

वैष्णवीनं बाळ घेतलं. ती काहीतरी बोलणार होती, पण विमलताईंनी तिला दंडाला धरून पुढे घातलं. सुखीबाईनं गाठी सोडल्या. एक घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवली. लुगडं झटकून त्याची घडी केली आणि ती कडुनिंबाखाली ट्रंकेवर जाऊन बसली.

देवसिंग मशीनवर चढून बसला होता, पण किल्लीला हात लावत नव्हता. तो तिच्याकडेच बघत होता.

सुखीबाईनं घडी मांडीवर नीट ठेवली आणि हात वर केला.