साहेबांसाठी मांडलेली पंगत

भाजलेला पाय बरा होऊन पुंडलिक तांडेल कामावर रुजू झाला आणि त्याला कृतज्ञतेचा झटका आला.

बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात ॲसिडचा पाइप फुटला, तेव्हा एका हेल्परने त्याला पाठीवर घेऊन गेटपर्यंत पळत नेले होते. पुढे हिवाळाभर घर चालवले ते बायकोने, मंजुळाने. सालवडहून पालघरच्या बाजारात सुकी मासळी नेऊन ती विकायची. शिरगावला पुंडलिकचा थोरला भाऊ दामू बोटीवरची मासळी वाटताना आजारी माणसाचा वाटा आधी बाजूला काढायचा. त्याने समुद्राकडे कधीच पाठ फिरवली होती, तरी तो वाटा त्याच्या घरी न चुकता यायचा.

पण ही सगळी आपलीच माणसे. त्यांचे कसले आभार मानायचे? आभार कारखान्याच्या साहेबांचे! साहेबांनी एकदा जीप थांबवून, न उतरता, "कैसा है?" असे विचारले होते. एवढ्या मोठ्या माणसाने! पुंडलिकने ते अख्ख्या चाळीला इतक्यांदा ऐकवले की पोरे त्याला पाहिले की "कैसा है?" ओरडून पळत.

तर साहेबांना रविवारी जेवण. तळलेले पापलेट, कोलंबीचे कालवण आणि वर एक छोटेसे भाषण.

"रविवारी अष्टमी, भांगाची भरती हाय," मंजुळा म्हणाली. "पान्याला जोर नाय. जाल्यात मासली कुठशी येल?"

कोळ्याच्या पोटी जन्मून हा गडी आता तिथी सोडून सुट्टीचा वार बघत होता.

"साहेब काय भरती-ओहोटी बगून जेवतात?" तो खेकसला.

"बरा. मंग त्या हेल्परला तरी बोलवू?"

"साहेबांच्या पंगतीला? अक्कल हाय का तुला?"

रविवारी दामू आला तो टोपलीच्या तळाशी थोडे बोंबील घेऊन. "गावले तेवडे आनले," तो म्हणाला. आता साहेबांना तोंड कसे दाखवायचे, या विचाराने पुंडलिकचा जीव टांगणीला लागला. ती काळजी मात्र लवकरच मिटली. कारखान्याचा चौकीदार सांगत आला, साहेब मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन केळव्याला गेले. जेवणाचे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

मंजुळाने बोंबील तळले. नवऱ्याला न विचारता तिने हेल्परला बोलावलेच होते. त्याला आणि दामूला तिने साहेबांसाठी मांडलेल्या पाटांवर बसवले.

"वाढा आता," ती पुंडलिकला म्हणाली. "आनि भासन पाठ केलाव ना? ते पन होऊ द्या."

पुंडलिक गोरामोरा झाला, पण भाषणाची हौस दांडगी. घसा खाकरून तो उभा राहिला. संकटात माणूस कळतो वगैरे झाले. दामूचे नाव घेतले. मंजुळाचे नाव घेताना आवाज खरोखरच कापला, आणि त्याचे त्यालाच नवल वाटले.

"आणि ज्याने मला पाठीवर घेतले, तो माझा सहकारी..."

नाव काही केल्या आठवेना. कारखान्यात "ए हेल्पर" एवढ्यावरच काम भागत होते. त्याने मंजुळाकडे पाहिले. तिला नाव ठाऊक होते, पण ती खुशाल बोंबील वाढत राहिली.

हेल्परने हातातला घास ताटात ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"भिका," तो म्हणाला. "गेटपर्यंत जाता जाता तू तीनदा इचारला, भाऊ. बोलला, मरेपर्यंत इसरनार नाय."