धर्मपटावरचा लाल हात

रविवारी सकाळी मुलुंड पूर्वेच्या सप्तपर्णी सोसायटीच्या आवारात जेवढी माणसे जमली होती, तेवढी गेल्या सात वर्षांत एकाही वार्षिक सभेला जमली नव्हती. सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब करावी लागे. आज मात्र खुर्च्या संपल्या, मुले पार्किंगच्या कठड्यावर चढून बसली आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलऱ्या मोबाइल धरलेल्या हातांनी भरून गेल्या.

फाटकाजवळच्या दत्तमंदिरातला चांदीचा मुकुट मंगळवारी नाहीसा झाला होता. मंदिरासमोर कॅमेरा होता. पण आरतीच्या हौशी मंडळींनी त्याच्यावरच झेंडूचे तोरण सोडल्यामुळे चित्रणात मंगळवारचा अख्खा दिवस फक्त झेंडू दिसत होता. पोलिसांत गेल्यास सोसायटीचे नाव खराब होईल, असे अध्यक्ष मधुकर सबनीस यांचे मत पडले. म्हणून त्यांनी निर्मळनाथ महाराजांना पाचारण केले.

महाराजांनी भगव्या जॅकेटच्या कॉलरला माइक लावला होता. समोर पाटावर हळदीत रंगवलेले एक ओलसर पिवळे कापड अंथरले होते.

“हा धर्मपट आहे, माउली!” महाराज गरजले. “इथे वकील चालत नाही, वशिला चालत नाही. निष्पाप हात ठेवा, पट जसाच्या तसा. पापी हात ठेवा, पट रक्त ओकतो! घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, तीन सोसायट्यांत तीन चोर दिले ह्या पटाने. देवाचा सीसीटीव्ही आहे हा. ह्याच्यावर तोरण नाही पडत!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत देवव्रत कारखानीस हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, आणि ते पुष्कळांच्या लक्षात आले.

देवव्रत ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातून रसायनशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाले होते. नावात देव आणि व्रत, दोन्ही असूनही दोहोंशी त्यांचा संबंध नव्हता. महाराज येणार हे कळताच त्यांनी त्या तिन्ही सोसायट्यांत दूरध्वनी केले होते. हाती आलेली माहिती थोडकी, पण बोलकी होती. तिन्ही ठिकाणी ‘चोर’ म्हणून धुणीभांडी करणारी बाईच निघाली होती. चोरीची वस्तू मात्र एकाही ठिकाणी सापडली नव्हती.

हे त्यांनी आदल्या दिवशी सबनिसांना सांगून पाहिले होते.

“कारखानीस, राग मानू नका,” सबनीस म्हणाले होते, “पण तुम्ही देव मानत नाही. उद्या तुम्हाला काही उचलावंसं वाटलं, तर तुम्हाला थांबवणार कोण? माणसाला कुणाची तरी भीती हवी ना!”

“म्हणजे तुम्हाला आजवर फक्त भीतीनेच थांबवलंय?” देवव्रतांनी विचारले. “मग मला दाराला दुसरं कुलूप लावायला हवं.”

सबनिसांनी ते हसण्यावारी नेले, आणि तिन्ही सोसायट्यांची माहिती लिहिलेला कागद देवव्रतांच्याच खिशात राहिला.

“परीक्षा सेवकवर्गाची होईल,” सबनिसांनी आता जाहीर केले. “सभासदांची कशाला? आपली घरंदाज माणसं. फक्त कारखानीस… तुमची हरकत नसेल तर.”

हरकत होतीच. पण नकार दिला असता, तर तोच पुरावा ठरला असता. देवव्रत उठले आणि त्यांनी पटावर पंजा टेकवला. तो उचलला, तेव्हा पट पिवळाच होता. गॅलऱ्यांतून निराशेचा एक अस्फुट सुस्कारा ऐकू आला.

“बघा त्याची कृपा!” महाराज क्षणार्धात सावरले. “जो त्याला मानत नाही, त्यालाही तो सांभाळून घेतो!”

“आणि लाल झाला असता तर?” देवव्रतांनी विचारले.

“तर न मानल्याचं फळ, माउली.”

“म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच खरे. प्रयोगशाळेत असल्या उपकरणाला आम्ही मोडकं म्हणायचो.”

“ए काका, बसा ना यार!” मागून कुणीतरी ओरडले.

रखवालदार लवू, माळी धोंडू आणि गाड्या धुणारे दोघे पटावर हात ठेवून सुटले. गाड्या धुणारे सकाळपासून रिकामे बसून होते. आता एकच उरली.

“त्या बाईला बोलवा,” महाराज म्हणाले, “हातातलं काम टाकून, आहे त्या हाताने. नळाखाली हात धरायचा नाही, पदराला पुसायचा नाही. पापी माणूस तेवढ्यातही सावध होतो!”

देवव्रतांनी मान वर केली. धुतलेले हात या माणसाला का नको होते?

सुलक्षणा भांडुपहून येई आणि अकरा वर्षे सोसायटीतली पाच घरे सांभाळी. ती सबनिसांच्या मोरीतून तशीच खाली आली. साडीचा ओचा खोचलेला, बोटांवर फेस नुकताच विरलेला. फाटकावरच्या टॅबलेटवर तिच्या नावापुढे हिरवी खूण होती म्हणून ती रोज आत येत असे. चोर ठरली, तर तिथे ‘प्रवेश बंद’ असे उमटणार होते आणि एका बोटाच्या स्पर्शाने पाचही घरे जाणार होती. हे तिलाही ठाऊक होते आणि लवूलाही. लवू टॅबलेट घेऊन उभा होता, पण तिच्याकडे बघत नव्हता.

तिने हात ठेवला आणि उचलला.

पटावर पाच बोटांसकट लालभडक पंजा उमटला होता.

“दत्ता दिगंबरा!” महाराजांनी आरोळी ठोकली. आवारात एकच गलका उठला. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंच धरले. सबनिसांच्या पत्नी नीला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. “अकरा वर्षं गं…” एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

“थांबा!” देवव्रत पुढे झाले. “हळदीतलं रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आलं, की त्याच्या रेणूची रचना बदलते, आणि…”

“झालं ह्यांचं सुरू!” “लेक्चर नको, काका!” “डोळ्यांनी दिसतंय की!”

देवव्रतांचे वाक्य गलक्यात बुडाले. एकतीस वर्षे त्यांनी शोधनिबंध वाचले होते, तरुण संशोधकांच्या चुका काढल्या होत्या. आणि आज शाळकरी पोराला येणारी एक गोष्ट त्यांना दोनशे सुशिक्षितांच्या गळी उतरवता येत नव्हती. त्यांची चीड महाराजांवर कमी आणि स्वतःवर जास्त होती. बरोबर असण्याचा उपयोग तरी काय होता?

सुलक्षणा रडत नव्हती. ती पटाकडे निरखून पाहत होती.

“ह्यो साबणाचो रंग,” ती म्हणाली.

“काय बरळतेय ही?” सबनीस खेकसले.

“बरळत नाय. वहिनी, तुमी सांगा.” ती नीलाताईंकडे वळली. “परवा तुमच्या केतनदादाच्या शर्टावर वरणाचा डाग होता. मी साबण लावला तसा लाल झाला. तुमीच ओरडलात ना, ‘अगो, ह्याला लागलं कुठे, रक्त कसलं?’ मी म्हटलं, वहिनी, हळद आहे ती, साबण लागला की लाल होते. मग हसलात किती!”

उंच धरलेले मोबाइल हळूहळू खाली आले. त्या गर्दीतल्या प्रत्येक गृहिणीने तो लाल डाग पाहिला होता, प्रत्येकीने तो उन्हात घातला होता. देवाच्या पाटावर मात्र तोच डाग कुणालाच ओळखता आला नव्हता.

नीलाताई उठल्या. लिफ्टने वर गेल्या आणि सुलक्षणाची अर्धी राहिलेली धुण्याची बादली घेऊन खाली आल्या. त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला आणि निथळता पंजा पटावर टेकवला.

दुसरा लाल पंजा पहिल्यापेक्षा जास्त गडद उमटला.

“आता बोला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “मुकुट मी नेला का?”

“वहिनींचं काही पूर्वजन्मीचं…” महाराज चाचरले.

देवव्रतांनी मंदिराच्या चौकटीला टांगलेले लिंबू-मिरचीतले लिंबू तोडले, माळ्याच्या कात्रीने चिरले आणि दोन्ही पंजांवर पिळले. लाल रंग पुन्हा पिवळा होत गेला.

“पूर्वजन्मीचं पाप,” ते कोरडेपणाने म्हणाले, “अर्ध्या लिंबात फिटलं.”

हशा पिकला. त्या हशाच्या आडून महाराजांनी पट गुंडाळला आणि घाटकोपरला भक्त खोळंबल्याचे सांगून ते गाडीत बसले. त्यांना कुणी अडवले नाही. मघाशी टाळ्या पिटणारेच आता “मला आधीच शंका होती” असे एकमेकांना सांगू लागले. सुलक्षणाची माफी मात्र एकानेही मागितली नाही. देवव्रतांना ते महाराजांच्या भामटेगिरीपेक्षा अधिक खुपले.

“ठीक आहे,” सबनीस म्हणाले, “पण मुकुट नेला कुणी? ते कळेपर्यंत हिचा प्रवेश बंद ठेवू या.”

“कुणी नेला ते ठाऊक नाही,” देवव्रत म्हणाले. “ठाऊक नाही, असं म्हणायला शिका, सबनीस. ते जमत नाही म्हणूनच तुम्हाला पट लागतो. पोलिसांत तक्रार द्या, आणि कॅमेऱ्यावरचं तोरण काढा.”

“आणि भीती? भीती नको का माणसाला?”

“आत्ता तुमच्या पत्नीने भर सभेत हात लाल करून घेतला, तो कुणाच्या भीतीने?”

सबनिसांनी बायकोकडे पाहिले. उत्तर दिले ते सुलक्षणाने, तेही बादली उचलता उचलता.

“काका, मी देव मानतंय हां. गावाक गेलंय की वेतोबाक नारळ देतंय. पण पाच घरच्या कपाटांच्या चाव्या माझ्या हातात असतात. मी काय चोरूक नाय, ता वेतोबा बघता म्हणून नाय. दुसऱ्याचा ता दुसऱ्याचा. एवढ्यासाठी देवाक कित्याक तरास?”

देव मानणारी ही बाई आणि न मानणारे आपण एकाच ठिकाणी उभे आहोत. आपल्या दोघांच्या हातांना आवरणारी गोष्ट एकच आहे, आणि ती कोणत्याही पटावर उमटत नाही, एवढे देवव्रतांना स्वच्छ दिसले. वाचकहो, चमत्कार समोर आला तर हात जोडण्याआधी एवढेच विचारा: हाच रंग आपण आणखी कुठे पाहिला आहे? आणि माणसाची पारख करायची असेल, तर तो कुणाला भजतो हे विचारू नका. तो कसा वागतो ते पाहा.

“लवू,” नीलाताईंनी हाक मारली, “तो टॅबलेट दाखव.”

लवूने टॅबलेट पुढे केला. सुलक्षणाच्या नावापुढची खूण हिरवीच होती. त्याने ती अद्याप बदलली नव्हती.

“साहेबांनी सांगितलं होतं,” तो खाली बघत पुटपुटला, “पण माझं बोटच गेलं नाही, वहिनी.”