दादाच्या नंबरवरून

फोन वाजला आणि अंगणातली पन्नास-साठ माणसं एकदम गप्प झाली.

स्टुलावर ठेवलेला वहिनीचा फोन थरथरत होता. काचेवर नाव उमटलं होतं : 'अहो'. नवऱ्याचा नंबर तिने लग्नाच्या वर्षी या नावाने घातला होता, तो तसाच होता. नवरा, म्हणजे माझा दादा, मात्र राहिला नव्हता. त्याला जाऊन चाळीस दिवस झाले होते.

"उचल, माई," लाइनवाले महाराज म्हणाले. "पण बोलायचं नाही. बोललीस की लाइन तुटते. तिकडची लाइन फार नाजूक."

वहिनीने फोन उचलून स्पीकर चालू केला. आतून श्वास आला. लांब, एकसारखा, न थकणारा. त्यामागे टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌.

"हा श्वास," महाराजांनी बोट वर केलं. "आणि ही नाडी."

कुणीतरी हुंदका दिला. शेजारचा शिंपी हात जोडून पुढे आला. "महाराज, आमच्या म्हाताऱ्यालाही लावून द्या की. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय तेवढंच विचारायचंय."

"त्यांचा नंबर चालू आहे?"

"नाही, गेले तेव्हाच बंद केला."

"मग कसा लागणार? माणूस गेला की आठ दिवसांत नंबर बंद करता, आणि वर तक्रार करता की ते आठवण काढत नाहीत!"

शिंपी ओशाळला. लोकांनी माना डोलावल्या. महाराज पूर्वी टेलिफोनच्या तारा ओढायचे म्हणे. त्यांच्या बोलण्यात अजून खांब, जोडणी, रेंज असंच काहीबाही असायचं. एखाद्या दिवशी फोन आलाच नाही, तर म्हणायचे, "आज वर गर्दी आहे." मी एकदा विचारलं, "वर जेवणाची सुट्टी किती वाजता असते?" तेव्हापासून ते माझ्याकडे बघत नसत.

पण खरं सांगायचं तर मीही तिथे रोज जात होते. हसायला नव्हे. तो श्वास ऐकायला.

दादा भाड्याची गाडी चालवायचा. एका गिऱ्हाइकाच्या पायरीवर छातीत कळ येऊन कोसळला. हातातला फोन दगडावर आपटला, काचेचा चुरा झाला, काळाठिक्कर पडला. दवाखान्यातून पिशवीत घालून आला तो फोन वहिनीने फेकला नाही. गाडीच्या समोरच्या कप्प्यात त्याची जागा होती, तिथे ठेवला आणि सवयीने त्याची वायरही टोचली. जागच्या जागी. मेलेलं यंत्र मेलेल्या माणसाच्या जागी.

रोज सकाळी आठला दादा गाडी पुसायचा, दहा मिनिटं सुरू ठेवायचा आणि मग निघायचा. वहिनीने तेही सोडलं नाही. बादली घ्यायची, फडकं बुडवायचं, चाकापासून डॅशबोर्डवरच्या स्क्रीनपर्यंत सगळं पुसायचं, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी सुरू करायची आणि आत चहा टाकायला जायचं. बाराव्या दिवशी चहा उकळत असताना फोन वाजला. 'अहो'. चहा ओट्यावरून वाहत गेला, आणि त्या दिवसापासून या घरात सगळंच वाहत गेलं.

तिसऱ्या फोननंतर महाराज आले. पहिल्या सकाळी ते गाडीत एकटेच जपाला बसले आणि मग त्यांनी दोन नियम घातले. गाडी सुरू करण्याआधी डॅशबोर्डवर मंतरलेलं पाणी आपण स्वतः शिंपडणार. आणि गाडी सुरू असताना शेडपाशी कुणी फिरकायचं नाही.

मी दुकानांमधले इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करते. काट्याच्या बटणांखाली पाणी गेलं की रिकामा काटा स्वतःच आकडे टाकायला लागतो, हे मला झोपेतही सांगता येईल. पण ते ज्ञान मी दुकानात, हत्यारांच्या पेटीत ठेवून यायचे. भावाचा श्वास ऐकायला जाताना पेटी कोण नेतं?

चाळिसाव्या दिवशी, फोन कट झाल्यावर, महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ते मुलीला मागताहेत."

वहिनी दचकून उठली.

"घाबरू नकोस, माई. नेणार नाहीत. नुसतं भेटायचंय. उद्या दुपारी बाराला मुलगी गाडीत बसेल. काचा वर. शेडचं दार बंद, फटी चिंध्यांनी बुजवलेल्या, म्हणजे लाइन बाहेर गळणार नाही. डोळ्यांवर पट्टी. एक तास. मग तिच्याच तोंडून ते बोलतील. नंतर गाडी आमच्या सेवेत द्यायची. त्यांचीच इच्छा."

मुलगी म्हणजे भिंगरी. सात वर्षांची, पायाला चाक लागलेली. बाप गेल्यापासून मात्र पायरीवर बसून असायची.

मी वहिनीला आत ओढलं. "अगं, लेकरू आहे ते! तासभर कोंडणार त्याला?"

"तिला बाप भेटतोय, वन्सं. तुम्ही मध्ये येऊ नका."

"आणि काही झालं तर?"

"व्हायचं राहिलंय काय?" ती भांड्यांच्या फळीला धरून उभी होती. "ते गेले तेव्हा मी रागावले होते त्यांच्यावर. डबा विसरून गेले म्हणून. शेवटचा शब्द काय होता माझा, ठाऊक आहे? 'मरू दे.' डब्याला म्हटलं होतं हो मी, डब्याला. मला एकदा ते 'अगं' म्हणून हाक मारतील का, एवढंच ऐकायचंय. एकदाच."

यावर कुठल्या काट्याची दुरुस्ती चालते? मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी एका वाण्याचा काटा अडून बसला आणि मी पोचले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. शेडचं पत्र्याचं दार बंद. फटींत चिंध्या. आत गाडीची घरघर. बाहेर माणसं टाचा उंचावून उभी. दाराशी पाठ लावून वहिनी, हातात फोन, तो चालूच होता. श्वास. टक्‌-टक्‌.

आणि मग त्या श्वासातून एक बारीक आवाज आला.

"आई… माझं डोकं दुखतंय."

गर्दीतून लाट गेल्यासारखी झाली. "पोरगी! पोरीचा आवाज, बापाच्या नंबरवरून!"

"भेट झाली!" महाराज ओरडले. "लेक बापाच्या मांडीवर बसली. कुणी बोलू नका!"

"आई… उलटी येतेय. झोप येतेय मला."

लोक रडत होते. दादाच्या नंबरवरून भिंगरीचा आवाज. भिंगरी कुठे आहे? गाडीत. मग फोन कुठून येतोय? वरून नाही. गाडीतून. आणि बंद शेडमध्ये सुरू असलेली गाडी, डोकेदुखी, उलटी, झोप.

"धूर!" मी धावले. "दार उघडा, आत धूर कोंडलाय!"

"दार उघडलं तर लाइन कायमची तुटेल!" महाराज आडवे आले. "माई, आयुष्यात परत आवाज ऐकू येणार नाही. विचार कर."

वहिनीने कुलपाची किल्ली मुठीत घट्ट धरली. डोळे कुठेतरी लांब. तिला ढकलून दार फोडायला हवं होतं, पण पत्र्याला आतून लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या आणि कुलूप बाहेरून. मला एवढंच सुचलं. मी तिचं डोकं धरलं आणि कान पत्र्याला लावला.

"एका कानाने दार ऐक. एका कानाने फोन."

आत भिंगरी खोकली. पत्र्यातून खोकली. फोनमधून खोकली. एकच खोकला, दोन्ही कानांत.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून त्या क्षणी नवरा दुसऱ्यांदा गेला, आणि आई परत आली. किल्ली तिनेच लावली. महाराजांचा हात आडवा आला तो तिने असा झटकला की ते शिंप्याच्या अंगावर पडले. दाराबरोबर जळक्या धुराचा लोट बाहेर आला. वहिनी पदर तोंडाला धरून आत शिरली आणि लेकीला खांद्यावर टाकून बाहेर आली, डोळ्यांवरची पट्टी तशीच, ओठांवर ओकारी. शिंप्याने आत जाऊन गाडी बंद केली. फोनमधला श्वास तिथेच तुटला.

पोर दोन दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या धुरातल्या विषारी वायूला ना वास, ना रंग. अजून दहा-पंधरा मिनिटं गेली असती तर मला हे बोलायची वेळ आली नसती."

तिसऱ्या दिवशी भिंगरी घरी आली. महाराजही आले, ताज्या चेहऱ्याने. "बापाने वरून धक्का दिला म्हणून वाचली," असं सांगत सुटले. पुन्हा माणसं जमली. या वेळी मी पेटी घेऊन गेले होते.

आम्ही गाडी ढकलत अंगणात, उन्हात आणली. आधी बॅटरीची वायर सोडली. मग प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने डॅशबोर्डमधल्या टचस्क्रीनभोवतीची चौकट हळूच उचकटली, चार स्क्रू काढले आणि स्क्रीन पुढे ओढली. खालच्या कडेला काचेच्या आत पाण्याचा डाग होता, नकाशासारखा.

"इथे रबरी पट्टी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून," मी म्हटलं. "दादाने हे खोलून कधीतरी रेडिओ दुरुस्त केला असणार. पट्टी परत बसवायची राहिली."

"ती इथे आहे," भिंगरी सुट्ट्या नाण्यांच्या खाचेत बोट घालत म्हणाली. तिने काळी पट्टी बाहेर काढली. "पप्पा रोज म्हणायचे, उद्या बसवतो. म्हणून तर काचेला ओलं फडकं लावायचे नाहीत. काच बाहीने पुसायचे. कोरडी."

वहिनीने ती पट्टी हातात घेतली. तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बादली दिसायची, बुडवलेलं फडकं दिसायचं. बाही दिसत नव्हती. त्याचं काहीच सुटू नये म्हणून ती रोज काच भिजवत होती, आणि भिजलेली काच बोट लागल्यासारखी स्वतःच दाबली जात होती. खालच्या कोपऱ्यात, नेमकं दादाने ठेवलेल्या पहिल्या नंबरवर.

मी समोरचा कप्पा उघडला. फुटका फोन हातात घेतला. तीन दिवस गाडी बंद असल्याने तो गार होता; लोकांना दाखवायला बॅटरीची वायर पुन्हा लावून पाच मिनिटं गाडी सुरू केली. फोन कोमट झाला.

"काच मेलीय. फोन जिवंत आहे," मी म्हटलं. "गाडी सुरू झाली की त्याला वीज मिळते, तो गाडीशी जोडला जातो. आणि नंबर ओली स्क्रीनच लावते. श्वास म्हणजे एसीचा पंखा. नाडी म्हणजे ही." मी वळणाच्या दिव्याची कांडी खाली केली. टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌. "ओल्या फडक्याने पुसताना हिला धक्का लागायचा."

"थोतांड!" महाराज म्हणाले. "मग मी शिंपडलेल्या पाण्याने—"

"तेच. पाणी शिंपडलं की फोन येतो, हे तुम्ही ओळखलंत. आणि नंबर लागताना स्क्रीनवर नाव दिसतं, म्हणून शेडपाशी कुणी नको होतं. म्हणून पोरीच्या डोळ्यांवर पट्टी."

मी डाग कापसाने टिपून काढला, स्क्रीन उन्हात सुकवून परत जागेवर बसवली, गाडी सुरू केली आणि म्हटलं, "भिंगरे, महाराजांचा नंबर त्यांच्या कार्डावर आहे. लाव बरं."

तिने जीभ बाहेर काढून एकेक आकडा दाबला. महाराजांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढून पाहिला आणि खिशात परत कोंबला. दादाचा नंबर होता तो.

"उचला की," शिंपी म्हणाला. "वरून आहे."

"लाइन नाजूक असते, महाराज. तुटेल!" मागून कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. त्या हशातून महाराज जे बाहेर पडले ते पोलीस चौकीपर्यंत एकटे गेले नाहीत. शिंपी आणि आणखी चौघं सोबत होते. पोर मरायची राहिली होती, ती गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती.

माणसं पांगली. वहिनी पुढच्या सीटवर येऊन बसली. "त्यांच्याकडे माझं नाव काय होतं?" तिने विचारलं.

मी स्क्रीनवर दाखवलं. पहिला नंबर. 'घर'.

मग तिने स्वतः फोनची वायर उपसली. रबरी पट्टी भिंगरीने कडेकडेने दाबत बसवली, मी स्क्रू आवळले. दादाचं 'उद्या' त्या संध्याकाळी पुरं झालं.

आता त्या घरात फोन वाजत नाही. मला ते ऐकू न येणं अजून सहन होत नाही, हे मी लपवणार नाही. पण तुम्हाला सांगते, गेलेल्या माणसाची हाक ऐकू यावी असं वाटणं ही अंधश्रद्धा नाही, ते दुःख आहे. त्या दुःखाला दार लावून, फटी बुजवून, तुमच्या लेकराला आत बसवणारा कुणी आला, तर आधी दार उघडा. आवाज कुठून येतोय ते कान लावून बघा, स्क्रू काढून बघा. कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला बोलवा. आणि बंद जागेत गाडी कधीही सुरू ठेवू नका.

वहिनी गाडी शिकली. मागच्या महिन्यापासून भाडी मारते. सकाळी आठला, शेडचं दार सताड उघडं टाकून, ती गाडी पुसते. स्क्रीनपाशी आली की फडकं बाजूला ठेवते आणि स्वतःच्या बाहीने काच पुसते. कोरडी.