कृमींवर चाललेला अर्क

ताईने जेवताना सहज सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली. प्रयोगशाळेत ती डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कृमींवर झाडपाल्याचे अर्क तपासायची. त्या कृमींच्या पोटात जन्मापासूनच गाठ वाढते. कुंपणावर माजणाऱ्या एका रानवेलीच्या अर्काने ती आक्रसली, एवढंच ती बोलली. समोर धाकटा भाऊ बसला होता. त्याच्याही पोटात गाठ होती आणि इस्पितळाच्या औषधांनी तो मेटाकुटीला आला होता.

"माझ्यावर चालेल का गं?"

"कृमी कुठे, माणूस कुठे," ती म्हणाली. पण बोलताना तिच्या चेहऱ्यावर आशा होती आणि त्याने ती बरोबर हेरली.

पुढे तिलाच शंका आली. अर्कातले कृमी सूक्ष्मदर्शकाखाली फिके, बारीक दिसत होते. त्यांचं खाणं म्हणजे बशीत पसरलेला जिवाणूंचा थर. त्याला कुणी तोंडही लावलं नव्हतं. तिने दुसऱ्या बशीत काही कृमी नुसतेच उपाशी ठेवले, अर्काचा थेंबही न घालता. त्यांचीही गाठ तेवढीच आक्रसली. म्हणजे अर्काने गाठीचं काही वाकडं केलं नव्हतं. कृमींचं खाणं तोडलं होतं, बस्स.

हे सांगायला ती प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या खोलीकडे निघाली, तोच वहिनीचा फोन आला.

"ताई, हे काही खातच नाहीत हो. इस्पितळाची तारीखही चुकवली. कसलासा पाला वाटून पितात. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

सरांकडे न जाता ताई तशीच भावाच्या घरी पोचली. भाऊ ओट्यापाशी हिरवा रस गाळत उभा होता. सदरा अंगावर नुसता लोंबत होता.

"ठेव तो पेला."

"तुझंच औषध आहे. वजन उतरतंय बघ. गाठही उतरत असणार."

"गाठ नाही, तू उतरतोयस. माझे कृमी उपाशी होते रे. वेलीत काही नाही."

"आणि इस्पितळात काय आहे? ओकाऱ्या मला काढाव्या लागतात, ताई. तुला नाही."

त्याने पेला उचलला. तिने तो त्याच्या हातातून ओढून सरळ आपल्या तोंडाला लावला. भावाने असा फटका मारला की पेला भिंतीवर जाऊन आदळला.

"वेड लागलंय का तुला? विषबिष असलं म्हणजे?"

बोलून गेला आणि तसाच थबकला. भिंतीवरून हिरवे ओघळ खाली येत होते. वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मग तो म्हणाला, "चपला कुठे आहेत माझ्या?"

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आधी झापलं, मग तपासलं. गाठ थोडी वाढली होती. अंगात त्राण आलं की औषधं पुन्हा सुरू करता येतील, म्हणाल्या. पण आता एकही तारीख चुकवायची नाही.

भावाला सलाईन लागलं. मग डोळे मिटूनच त्याने विचारलं, "तुझ्या सरांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग आधी सांग. आणखी कुणी पाला वाटत बसायला नको."

ती व्हरांड्यात गेली आणि तिने सरांना फोन लावला.