आधी ऐका, मग पाना उचला

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचे इंजिन आहे. माझ्या डोक्यात आठ व्हॉल्व्ह आहेत. प्रत्येकाला वरून एक छोटी दांडी दाबते. दोघांमध्ये केसाएवढी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. त्या फटीमुळे मी थोडी टकटक करते. हा माझा जन्माचा स्वभाव आहे.

माझे मालक घड्याळजी. दिवसभर टिकटिक ऐकणारा माणूस! पूर्वी मी चढ चढले की ते माझ्या बॉनेटवर कौतुकाने थाप मारत. मात्र गेल्या वर्षी एक टकटक जोरात वाजू लागली आणि त्यांचा मेहुणा मदतीला धावला. तिथेच माझे ग्रह फिरले.

"दाजी, तेल जाड घाला," तो म्हणाला. घातले. टकटक तशीच. मग प्लग बदलले. बिचाऱ्या प्लगांचा काय दोष? शेवटी त्याने पाना घेतला आणि आठही फटी पार मिटवून टाकल्या.

"बघा, कशी गप्प झाली गाडी."

गप्प होणारच. माझे तोंड दाबले होते. व्हॉल्व्ह नीट मिटेनात, आतली आग त्यांच्या कडांना चाटू लागली. महिन्याभरात साध्या चढावर मला धाप लागली.

"इंजिन संपलं, दाजी. रविवारी भंगारात देऊ, नवीन बसवू."

मालक शनिवारी मला कसेबसे गॅरेजवाल्या काकूंकडे घेऊन गेले. काकूंनी मला पूर्ण थंड होऊ दिले, झाकण काढले, आणि पातळ पोलादी पट्टी फटीत घालून पाहिली. ती कुठेच जाईना.

"भाऊ, कुणाचे हे उद्योग?"

"मेहुण्याचे."

"मग बोलायलाच नको."

त्यांनी फटी पुन्हा मापात केल्या आणि मला सुरू केले. जोराची टकटक परत आली. काकूंनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्यावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि एकेक जागा ऐकत गेल्या. तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी थांबल्या. मला बंद करून तिथल्या दांडीच्या टोकावरून त्यांनी नख फिरवले.

"इथे झिजून खड्डा पडलाय. सपाट पट्टी खड्ड्यावरूनच सरकते, म्हणून माप बरोबर दिसतं. खाली फट मोठीच राहते."

एवढीशी दांडी. ती बदलली. पण एका व्हॉल्व्हची कड जळली होती, तो बदलायला माझे डोके उतरवावे लागले. हा दंड मी कोणाच्या चुकीचा भरला?

रविवारी मी चढ चढले. मेहुणा मागे बसला होता.

"दाजी, अजून थोडं वाजतंय."

"वाजू दे," मालक म्हणाले. "तू हात लावू नकोस."

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, कुरकुर ऐकू आली तर आधी कुठे दुखते ते शोधा. नुसते गप्प केले म्हणजे बरे केले, असे समजू नका.