सतरावा दगड

"थांबा हो मिस इसिल्डा, आता ट्रॉम्बोन येतोय! तो ऐकल्याशिवाय उठायचं नाही."

"अरे बर्टी, माझी रांग सुटेल ना!"

"रांग कुठं पळतेय? दगड ठेवलाय ना तुम्ही? सतरावा. मी स्वतः मोजलाय."

इस्पितळाच्या फाटकावरच्या चौकीत रखवालदार एग्बर्टचा, म्हणजे बर्टीचा, रेकॉर्ड प्लेअर वाजत होता. महिन्यातून एकदा किंग्स्टनहून डोळ्यांचे डॉक्टर डोंगरावर येत आणि वीस जणांना तपासत. लोक पहाटेच येऊन भिंतीकडेला आपापला दगड ठेवत आणि झाडाखाली जाऊन बसत. सहाला नर्स चिठ्ठ्या वाटायला आली, की प्रत्येकाने आपल्या दगडापाशी उभं राहायचं. माणूस नसेल तर दगड बाजूला. हा नियम अकरा वर्षांपूर्वी एग्बर्टनेच घातला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

गाणं जुनं होतं. बेटावरच्या पोरांनी स्वतःची गाणी रेकॉर्ड करायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाचं. गाढवावर बसून बाजाराला निघालेल्या माणसाला वाटेत एक लंगडणारा अनोळखी भेटतो. 'उतर रे, उतर, त्याला बसू दे,' एवढंच धृपद. त्यावर ट्रॉम्बोन असा काही हुंदका द्यायचा, की एग्बर्टच्या डोळ्यांत दर वेळी पाणी यायचं. ऐकवायला कुणी मिळालं की स्वारी खूश. आज मिस इसिल्डा सापडल्या होत्या. सत्तरीच्या, मागेपुढे कोणी नाही, एका डोळ्याने आधीच अंधार आणि दुसऱ्यावर धुकं.

"रडतोय की रे तो बाजा," त्या हळूच म्हणाल्या.

"मग! पुन्हा लावू?"

त्याने पुन्हा लावलं. आणि नेमक्या त्याच दिवशी सिस्टर प्रॅट दहा मिनिटं आधी आल्या. दोघं धावत बाहेर पोचेपर्यंत इसिल्डाबाईंचा दगड गवतात पडला होता आणि विसावी चिठ्ठी गेली होती.

"सिस्टर, चूक माझी आहे. मीच बसवून ठेवलं त्यांना."

"बर्टी, नियम कुणाचा? आज एकवीस केले तर पुढच्या खेपेला चाळीस उभे राहतील. डॉक्टर एकच आहे रे बाबा."

एग्बर्टने रांगेतल्या एकेकाच्या विनवण्या केल्या. मघाशी हीच माणसं गाण्यावर डोलत होती, पण गाढवावरून उतरायला कोणी तयार होईना. त्यांना तरी काय बोलणार? प्रत्येकाच्या डोळ्याला पट्टी नाहीतर पडदा. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"जाऊ दे रे," इसिल्डाबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात येईन. गाणं मात्र झकास हं!"

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो महिना त्याने रेकॉर्डला हात लावला नाही.

पुढच्या महिन्यात तो पहाटे आला, तेव्हा फाटकावर कागद चिकटवलेला होता: डोळ्यांचे डॉक्टर यापुढे येणार नाहीत. लोक येत होते, वाचत होते, दोन शब्द पुटपुटून हातातला दगड टाकून देत होते आणि परत जात होते. थोड्या वेळाने भिंत चाचपडत मिस इसिल्डा आल्या. महिन्यापूर्वी त्यांना भिंत धरावी लागत नव्हती. कागदाच्या अगदी खाली वाकून त्यांनी आपला दगड ठेवला.

"बर्टी, आहेस का रे? कितवा माझा?"

कागद त्यांच्या डोक्यावर फडफडत होता.

"पहिला," तो म्हणाला.

"बघ! आज मी हलणार नाही इथून. तूच गाणं मोठ्यानं लाव."

त्याने रेकॉर्ड लावली. ट्रॉम्बोन आला आणि गेला. इसिल्डाबाई दगडाला पाऊल टेकवून ताठ उभ्या होत्या.

"आज माझ्या मागे कोणाचा आवाज नाही रे?"

"येतील," एग्बर्ट म्हणाला आणि त्याने सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली.