नमुन्याच्या पत्रातली शेवटची ओळ

प्राण्यांसाठी झटणाऱ्या त्या संस्थेत तिला सगळे पत्रवाली म्हणत. तिथे डॉक्टर होते, वकील होते, जखमी कोंबडी अलगद उचलणारे होते. हिला साधं मांजर उचलायचं म्हटलं तरी धडकी भरायची. पण पत्र असं लिहायची, की वाचणाऱ्याने जागच्या जागी सही ठोकावी. तिचं नमुन्याचं पत्र समर्थकांकडे जायचं आणि ते आपापल्या नावाने कंपन्यांना पाठवायचे.

यंदा पत्राने कमाल केली. अंड्यांची एक मोठी कंपनी पिंजरे काढायला तयार झाली होती, पण वर्षभराने. पत्रवालीने शेवटी एक ओळ घातली: 'वर्षभर कशाला? तीन महिन्यांत करा.' कोणाला विचारलं नाही, ओळ झोकात बसली म्हणून घातली. अकरा हजार पत्रं गेली आणि कंपनीने मान तुकवली. संचालकांनी तिची पाठ थोपटली. घरी नवरा म्हणाला, "आता आईपुढे माझीही थोडी वकिली कर."

तीन महिने संपत आले, तेव्हा एका सोमवारी दुपारी त्या कंपनीच्या शेडवरच्या मुकादमाचा फोन आला.

"मॅडम, गुरुवारी गाड्या येतायत. तुम्ही किती पक्षी घेताय?"

"कसल्या गाड्या?"

"कत्तलखान्याच्या. अठरा हजार आहेत."

"पण त्या मोकळ्या शेडमध्ये जाणार ना?"

मुकादम हसला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे समजावलं. या कोंबड्या पिंजऱ्यातच वाढलेल्या, दोन पावलं कधी चाललेल्या नाहीत. मोकळ्यावर सोडल्या तर कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरतात, उंच दांडीवरून पडून पाय मोडून घेतात. मोकळ्या शेडमध्ये नवीन पिल्लं येणार, पहिल्यापासून मोकळ्यावरच वाढवलेली.

"वर्षभराची मुदत त्यासाठीच होती," तो म्हणाला. "तोवर यांची अंडी संपली असती. तेव्हाही गाडीतच गेल्या असत्या म्हणा. पण पत्रांमुळे साहेबांना घाई झाली."

पिंजऱ्यातल्या वहीच्या पानाएवढ्या जागेत आणखी नऊ महिने, हे कोंबडीवर उपकार की छळ, हे पत्रवालीला ठरवता येईना. ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला होता, हेही कळेना. ती तडक संचालकांकडे गेली.

"दगडापेक्षा वीट मऊ," ते म्हणाले. "यापुढे तिथे एकही कोंबडी पिंजऱ्यात जाणार नाही, हे विसरू नकोस. आपल्याकडे दोनशे मावतील, तेवढ्या आणू."

त्यांचं चूक नव्हतं, म्हणूनच तिला त्यांचा राग आला. ती समर्थकांची यादी घेऊन फोनला चिकटली. दोन-दोन कोंबड्या घरी न्या, एवढंच मागणं. एकीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. सही केली ना, आणखी काय करायचं, असं एकाने विचारलं. अंडी रोज मिळतील का, हे एकाला जाणून घ्यायचं होतं. माणसं वाईट नव्हती. सही करायला एक मिनिट लागतं आणि कोंबडी पाळायला अंगण लागतं, इतकंच. बुधवारी संध्याकाळपर्यंत बासष्ट कोंबड्यांची सोय झाली.

त्यानंतर तिने यादीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन लावला.

"आभार कसले मानताय?" बाईंनी तिला बोलूच दिलं नाही. "हात थरथरतो, तरी चाळीस पत्रं हाताने लिहिली. अख्ख्या सोसायटीच्या सह्या घेतल्या. आता दुसऱ्या कंपनीला लिहायला बसलेय, तुमचाच नमुना समोर आहे. काही बदल करायचाय का?"

कोंबड्या न्याल का, हे पत्रवालीच्या ओठांवर होतं. ते बाहेर पडेना.

"शेवटची तीन महिन्यांची ओळ काढा," ती म्हणाली. "त्या जागी लिहा: आज पिंजऱ्यात असलेल्या कोंबड्यांचं काय करणार, ते आधी लेखी कळवा."

बाई एकेक शब्द उच्चारत लिहीत होत्या. शेवटी येऊन थांबल्या.

"ही ओळ आधीच्या पत्रात नव्हती."

"नव्हती."

"मग त्या कोंबड्यांचं काय झालं?"

पत्रवालीने सांगितलं. उद्याच्या गाड्या सांगितल्या, अठरा हजारांचा आकडा सांगितला, स्वतःची चूकही सांगितली. पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग बाई बोलल्या. आवाज अगदी हळू होता, वर्गात कधी काढला नसेल इतका.

"माझी चाळीस पत्रं होती. म्हणजे त्या अठरा हजार कोंबड्यांतल्या माझ्या किती?"